थांबत जाणारा बाण

बाणवाले भाऊ कधी बसून बोलले नाहीत. अमरावतीच्या आमच्या कचेरीत शाळांसाठी सरकारी माहितीपट तयार होत. संहिता मी लिहायची, त्यातले हलते नकाशे ते करायचे. पडद्यावर बाण सरकू लागला की हे उठून खोलीभर फेऱ्या घालत, जणू मालाबरोबर स्वतःच निघालेत.

जागतिकीकरणावरच्या माहितीपटात बार्शीटाकळीचा कापूस परदेशी जातो, असा नकाशा होता. दुसऱ्या कुणी एक वाकडा बाण समुद्रापार फेकला असता. भाऊंनी ट्रकवाल्यांना फोन लावले. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाशी गाडी किती दिवस उभी राहते, बंदरावर किती, सगळं विचारलं. माल जिथे एक दिवस थांबतो, तिथे पडद्यावर बाण एक सेकंद थांबायचा.

"एवढा का रखडवता?" मी एकदा चिडून विचारलं.

"ताई, बाण काय पाखरू हाय काय? गाडीत मानूस बसला हाय. थो थांबते, तं बाणबी थांबन."

धारणीच्या घाटरस्त्याचा नकाशा करायचा होता तेव्हा ते स्वतः बसने जाऊन आले. "कंबर गेली बाप्पा, पन वळणं बरोबर आली," म्हणत दिवसभर उभ्यानेच काम केलं.

कापसाचा नकाशा माहितीपट मंजूर करणाऱ्या समितीला लांब वाटला. भाऊ तेव्हा अकोल्याला दवाखान्यात होते. "थांबे काढले तर चालेल ना, मॅडम?" साहेबांनी मला विचारलं. मुदत दोन दिवसांवर आली होती. भाऊंना फोन करता आला असता. मी होकारार्थी मान हलवली.

बरे होऊन आल्यावर त्यांनी माहितीपट शेवटपर्यंत पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमीबी, ताई?" आज माफी मागू, उद्या मागू, असं मी करत राहिले. उन्हाळ्यात ते गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला, त्या स्मृतिविधीला, मी अकोल्याला गेले. भाऊंच्या पत्नी, वहिनी, जवळ येऊन बसल्या. "यायचं शेवटचं काम मले दाखवा ना. घरी तं काही सांगेच नाही."

मी मोबाइलवर माहितीपट लावला. बार्शीटाकळीहून बाण सुटला आणि पापणी लवायच्या आत समुद्र ओलांडून गेला.

"बस? एवढ्यासाठी सहा महिने जीव काढला यायनं?"

"त्यांचं काम मी काढून टाकलं, वहिनी."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाल्या, "मंग थे शोधा."

कचेरीतले जुने संगणक आता गोदामात पडले आहेत. दर शनिवारी मी त्यांतला एकेक उचलून चालू करते आणि भाऊंचा थांब्यांचा नकाशा त्यात आहे का, ते पाहते. काल सातवा झाला. अजून किती उरलेत, हे शिपायाला मी विचारलेलं नाही.