पटल कमजोर, मी नाही

माझे डोळे लहानपणापासून पिवळट. तारनाक्याच्या शाळेत मुली मला ‘हल्दी’ म्हणायच्या. दर दोन-तीन महिन्यांनी पिवळेपणा वाढायचा, जिना चढताना धाप लागायची आणि आत्या मला कुकटपल्लीच्या पलीकडे एका वैदूकडे न्यायची. तो झाडपाल्याचा कडू रस पाजायचा आणि महिनाभर तेल-मिरची बंद करायचा. तरी कावीळ परत यायची. पोरगी पथ्य पाळत नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते तेव्हा आत्या पुन्हा वैदूकडे न्यायला ऑटो थांबवून दारात उभी राहिली. मी चप्पलच घातली नाही.

“पथ्य मी पाळलंय, आत्या. आता कुणीतरी माझं रक्त बघा.”

आत्यानं बाबांना सुनावलं की तुम्हीच हिला डोक्यावर बसवलंय. बाबा रेल्वेत कारकून, फार न बोलणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला नामपल्लीच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन नळ्यांत सारखंच, अगदी कमी मिठाचं पाणी घेतलं. एकीत तिथल्या नर्सचं रक्त टाकलं, दुसरीत माझं. नर्सच्या पेशी टिकल्या. माझ्या फुटल्या आणि सगळं पाणी लाल झालं.

बाईंनी मला शेजारी बसवून समजावलं. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं. आत काय येऊ द्यायचं, बाहेर काय जाऊ द्यायचं, ते पटल सांभाळतं. ते फाटलं की पेशी संपली. माझ्या तांबड्या पेशींचं पटल जन्मापासून कमजोर. त्यामुळे त्या चपट्या न राहता गोळीसारख्या गोल होतात, प्लीहेच्या, म्हणजे पोटात डावीकडे रक्त गाळणाऱ्या अवयवाच्या, अरुंद वाटांत अडकतात आणि तिथेच मोडतात. पिवळेपणा त्यातूनच येतो.

“तुझं काही चुकलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

मला रडू आलं नाही. राग आला, इतक्या वर्षांचा.

मग त्यांनी बाबांचंही रक्त घेतलं. तेही तसंच निघालं, फक्त त्रास सौम्य. घरी आल्यावर बाबांनी स्वतः आत्याला सांगितलं, की हे आपल्याच घराण्यातून आलंय, पोरीला बोल लावू नकोस.

पुढच्या वर्षी प्लीहा काढली. पटल तसंच राहिलं, पण पेशी मोडणं पुष्कळ कमी झालं. नोकरी लागली, स्थळं येऊ लागली. आत्यानं बजावलं, ऑपरेशनचं बोलायचं नाही. मी प्रत्येक घराला चहा येण्याआधीच सांगितलं, पोटावरच्या व्रणासकट. तीन घरांनी नंतर फोन केला नाही. चौथ्या घरातल्या मुलानं विचारलं, आता पळता येतं का?

म्हटलं, रविवारी सकाळी युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर या.

तो आला. दुसऱ्या वळणाला गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मी पुढे पळत राहिले.