गाठ साधी आहे

दवाखान्यात किस्से औषधांपेक्षा लवकर साठतात, आणि त्यांना एक्सपायरी नसते! माझा दवाखाना नवीन पनवेलला, त्वचेचा. मुलांना केसाच्या मुळापाशी गाठी येतात. बहुतेक निरुपद्रवी, पण कधीकधी असं रूप घेऊन येतात की आईबापांची झोप उडते.

* * *

एका बाळाचं जावळ चालू होतं. अर्धं डोकं झालं आणि न्हाव्याच्या बोटाला खड्यासारखी कडक गाठ लागली. कार्यक्रम तसाच टाकून अख्खं घर दवाखान्यात! मामाच्या कडेवर अर्धं डोकं भादरलेलं बाळ, मागे रडणारी आई. मी तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. गाठ साधी निघाली.

मामाने डोळे पुसले आणि विचारलं, "डॉक्टर, न्हावी खाली थांबलाय. बोलावू का वर?"

* * *

चौथीतला एक मुलगा. नाकावर पुळी आणि तिच्यातून पांढऱ्या केसांचा बारीक झुपका! मुलांत क्वचितच दिसणारी ही गाठ. वर्गात त्याला सगळे 'आजोबा' म्हणायचे. गाठ काढल्यावर त्याने आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं.

"आता मला ओंकार म्हणतील ना?"

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, म्हणू देत रे देवा.

* * *

आमच्या शैला सिस्टरचा नियम आहे. "सर, रिपोर्ट सांगताना आधी 'कॅन्सर नाही' म्हणायचं. तुमचं इंग्लिश नंतर!"

हा नियम मी सगळ्यात मनापासून पाळला तो गव्हाणच्या माहीसाठी. माही आठ वर्षांची. दंडावर गाठ, आणि तिच्यावर भाजल्यासारखा पाण्याचा फुगा. असं रूप मीही क्वचितच पाहिलेलं. नुसतं बघून छातीठोक सांगता येईना, म्हणून गाठ काढून तपासायला पाठवली. माहीचे वडील मानेच्या गाठीनेच गेलेले. तिची आई काही विचारायचीच नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मला ते बघवत नसे.

ड्रेसिंगला आई भर उन्हात अनवाणी आली. माहीला बाहेर बसवून, सोबत आलेले तिचे आजोबा हळूच म्हणाले, "नवस बोललीय. रिपोट चांगला येत नाय तवर चपला घालायची नाय. पोरीला सांगलंय, आयची चपल तुटलीय. तुमी बोलू नका."

रिपोर्ट आला त्या दिवशी तिघं दारातून आत येत होते, तेवढ्यातच मी म्हणालो, "कॅन्सर नाही!"

आई पहिल्यांदाच मोठ्याने रडली. आजोबांनी हात जोडले.

माही आईकडे बघत होती. मग तिने पाठीवरचं दप्तर काढलं, चेन उघडली आणि कागदात गुंडाळलेल्या आईच्या चपला तिच्या पायांपाशी ठेवल्या. धड, न तुटलेल्या.

"आये, घाल आता. मी रोज आनत व्हते."