उघड्या तोंडाचा कार्बोरेटर

निवृत्त झाल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की माझ्या जुन्या मोटारसायकलचा एअर फिल्टर काढून टाकला आणि कार्बोरेटरला पितळेची उघडी तोटी बसवली. तुतारीच्या तोंडासारखी पसरट, चकचकीत. इतकी वर्षं डब्यातून, जाळीतून श्वास घेतलेल्या गाडीला एकदा मोकळी हवा मिळावी, एवढीच हौस.

पण चढावर ॲक्सिलरेटर पिळला की ती खोकायला लागली. शेवटी ढकलत गफूरभाईंच्या गॅरेजात नेली. त्यांनी इंजिन चालू केलं आणि तोटीच्या तोंडावर अर्धवट तळहात धरला, आजारी माणसाच्या नाकाशी धरतात तसा. हवा अडली आणि खोकला थांबला!

"साहेब, हवा वाढवलीत, पेट्रोल तेवढंच ठेवलंत," ते म्हणाले. "नुसत्या हवेवर कशी ओढेल ती?"

मग पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट काढून ते मोठ्या भोकाचा बसवू लागले. मी बघत बसलो. मला वाटायचं, अडवणारं काढून टाकलं की झालं. मस्टर गेलं, साहेबाची बेल गेली, अख्खा दिवस आपला. मग रोज दुपारी चारच्या सुमारास मी उगाच चपला घालून फाटकापर्यंत जाऊन परत का येतो?

जेट आवळता आवळता गफूरभाईंनी सहज विचारलं, "आता दिवसभर करता काय?"

"काही नाही. एकदम मोकळा."

त्यांचा हात थांबला. मघाशी त्या खोकणाऱ्या गाडीकडे पाहिलं होतं, तसंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.