आबांचा दातांसकट फोटो

आबांनी माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी फोटो मागितला तेव्हा मी आधी घाबरले, आणि मग इतका आनंद झाला की तो लपवावा लागला.

आबा म्हणजे लोणावळ्याजवळच्या कान्ह्यात मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहते ते. रेल्वेत गँगमन होते, रूळ सांभाळण्यात जन्म गेला. तोंडात मोजकेच दात उरले होते, त्यातलेही हलायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी सगळे काढून कवळी बसवू म्हणून सांगितलं. ते ऐकून आबा तडक माझ्या दारात आले.

"सोमवारी दात काढत्यात. त्याच्या आदी माजा फोटो काढ. मोबाईलवर नगं. आमच्या हिचा हाय तसा, काळापांढरा. तिच्या शेजारी लावायचा हाय."

"आबा, भिंतीवर लावायची एवढी काय घाई?"

"घाई न्हाई. पर तिनं मला ह्याच तोंडानं बघितलंय. कवळीचं तोंड बघून म्हनंल, ह्यो कोन येऊन बसला माज्या शेजारी!"

आतून त्यांची सून, मी तिला वहिनी म्हणते, ओरडली, "आत्याबाई म्हनतील बरं झालं, जुनं गेलं नवं आलं!"

आबा हसले. हसले की त्यांचा वरचा एक लांब दात खालच्या ओठावर टेकायचा. त्या दातामुळे सगळा चेहरा खोडकर व्हायचा. मोबाईल समोर आला की मात्र ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे. लग्नकार्यातल्या सगळ्या फोटोंत आबा रागावल्यासारखे दिसतात.

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली ज्यांचा फोटो आहे त्या आबांच्या बायको. मी त्यांना मावशी म्हणायचे. मी चंद्रपूरच्याही पलीकडची. शाळा आठवीत सुटली आणि पुढे लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर खोल्या आवरायच्या कामाला आले. एकट्या, बाहेरच्या बाईला कुणी खोली देईना. जो तो विचारायचा, मागे कोण आहे? मावशींनी विचारलं नाही. म्हणाल्या, "जेवलीस का?" माझं बोलणं इथल्या लोकांना गमतीचं वाटायचं, नक्कल करायचे. मावशींनी ती कधी करू दिली नाही. त्यांचं मी काय फेडणार होते? मला एकच गोष्ट येत होती.

ती मला लोणावळ्याच्या बाजारातल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी शिकवली. रिसॉर्ट सुटल्यावर मी त्यांच्याकडे झाडलोटीला लागले आणि हळूहळू डार्करूममध्ये शिरले. रोल धुणं, चित्र पक्कं व्हायला हायपोच्या पाण्यात टाकणं, फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरखाली कागद धरणं. मावशींचा फोटो हा मी एकटीने काढलेला आणि छापलेला पहिला. जाड कागद होता, किंचित पिवळट, काळा रंग त्यावर शाईसारखा नाही तर तव्याच्या काळ्यासारखा उतरायचा. मावशी फोटो बघून म्हणाल्या होत्या, "मी अशी दिसते व्हय?" आणि पदराने काच पुसत बसल्या होत्या. आता मावशी नाहीत. स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. काकांनी दुकान बंद करून जाताना कॅमेरा आणि एन्लार्जर मला दिला. मी परंदवडीजवळच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि रविवारी स्वतःला फोटोग्राफर म्हणवते.

म्हणवते, हे खरं. आधी तो कागद बंद झाला. मग रोल धुवायची ती पावडर, जी पाण्यात विरघळवली की खोलीभर विशिष्ट वास सुटायचा. मग तो रोल. पुण्याच्या दुकानात विचारलं की दुकानदार आता मान वर न करताच म्हणतो, "बंद झालं ताई." बाहेर येऊन मी रडवेली व्हायची आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. लोकांची माणसं जातात, हिचा कागद गेला!

तरी उमेद टिकून होती, आणि ती कशाच्या जोरावर हे मला फार उशिरा कळलं. माझ्याकडे त्या रोलचा थोडा साठा होता. थोडा कागदही होता. ते आहेत तोवर मी फोटोग्राफर आहे असं मनाशी धरून चालले होते. मग ते वापरणार कसे? बेडश्याच्या लेण्यांत सकाळचं ऊन खांबांवर येतं तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि वाटायचं, यासाठी नको, याहून चांगलं काहीतरी येईल. शेतातली बाई हसून उभी राहायची, तिचा फोटो साध्या रोलवर. पुढे पुढे तोही नाही. मी साठा सांभाळत होते आणि त्यालाच छंद म्हणत होते.

तो साठा बरीच वर्षं पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, स्टीलच्या डब्यात होता. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही आणि पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. नंतर वहिनीने आपल्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी जागा दिली. डबीवरची तारीख केव्हाच उलटून गेलेली. ती वाचता येण्याइतकी शाळा मी शिकले आहे. पण एखादा रोल धुऊन बघावा तर एक रोल कमी होणार, म्हणून बघितला नाही.

आबांसाठी तोच काढला. ज्या जातीच्या रोलवर मावशी, त्यावरच आबा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी राखला तो चेहरा हाच, असं वाटलं आणि अंगावर काटा आला.

रविवारी आबा पांढरा शर्ट घालून ओट्यावर खुर्चीत बसले. तोंड मिटलेलं. वहिनी म्हणाली, "आबा, डाक्टरला सांगा, तो लांब दात मला द्या, नारळ सोलायला बरा." आणि आबा असे हसले की खुर्ची हलली. मी काढत गेले. वहिनीने तेवढ्यात मोबाईल उचलला. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, नको ना. त्यांचं लक्ष जातं."

तिने मोबाईल खाली ठेवला.

त्या दिवशी घरात पावडर नव्हती, आता मिळते ती दुसरी पुण्याहून आणेपर्यंत दोन-तीन दिवस गेले. सोमवारी आबांचे दात काढले. मग मी रोल धुतला. धुवायच्या टाकीतून बाहेर काढला तर सबंध पट्टी एकसारखी राखाडी, मध्ये बुरशीसारखे ठिपके. एखाद्या चौकटीत खुर्चीच्या पाठीची रेघ असावी असा भास. आबा नव्हतेच.

दुसरा कोरा रोल फोडून एक तुकडा धुतला, तो स्वच्छ निघायला हवा होता. तसाच. तिसराही. मी जपत होते ते सगळं कधीच मेलेलं होतं.

मी कामावरून उशिरा यायला लागले, मागच्या दाराने. आबांचा आवाज आला की दिवा घालवायची. त्यांच्याच घरात, त्यांच्यापासून लपून. मोबाईलवरच्या एखाद्या जुन्या फोटोवरून काही जमवता येईल का, हेही डोक्यात येऊन गेलं. पण तोंड उघडं असलेला एकही फोटो नव्हता. जो होऊ शकला असता तो मी होऊ दिला नव्हता.

शेवटी वहिनीनेच दार वाजवलं. "आबा इचारत्यात फोटोचं. लपतीस का?"

मी पट्टी घेऊन गेले. आबा खाटेवर बसले होते. गाल आत गेले होते, तोंडावर पालथा हात. मी सांगितलं. शब्द नीट आले नाहीत, माझ्या गावाकडचेच आले.

आबांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली. "आजिबात न्हाई? वाईच बी?"

"नाही आबा."

वहिनी म्हणाली, "मी मोबाईल उचलला तर मला गप केलंस." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आबा रागावले नाहीत असं मी लिहिणार नाही. पट्टी परत दिली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, आता खोली सोडायला हवी. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच तसं वाटलं.

पुढच्या रविवारी मी कपडे धूत होते, तर आबा तोच पांढरा शर्ट घालून ओट्यावर. खुर्ची स्वतःच आणून टाकलेली.

"बस झालं धुनं. काड."

"आबा, कवळी येऊ दे ना."

"कवळी लावून काय तिच्या म्हायेरी मिरवायचं हाय? हाय त्ये काड. पर आदी डबीवरची तारीख बग."

मी बाजारात मिळतो तो साधा रोल घातला. आबांचा हात तोंडावरच. वहिनी मागून म्हणाली, "काय सासरी चाललेल्या पोरीगत तोंड झाकताय!" हात खाली आला, तोंड हसून उघडलं. काही फोटो काढले आणि बाकीचा रोल कोराच ठेवून मी तो धुवायला बाथरूममध्ये पळाले. आबा बसूनच राहिले. मी टाकीचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. या वेळी काही राखायचं नव्हतं, तरी भीती तीच.

ओली पट्टी घेऊन ओट्यावर आले आणि आभाळापुढे धरली. आबा उठून जवळ आले, डोळे बारीक करून बघत राहिले.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. आबांचे पांढरे केस काळेभोर दिसत होते. आणि हसताना उघडलेलं तोंड, जिथे आता नुसता काळोख होता, तिथून आभाळ पांढरंशुभ्र चमकत होतं.

"आगं, दात हायेत की," आबा म्हणाले. "केस बी काळं. असाच व्हतो मी, ती आली तवा."

मला गप्प बसता आलं असतं. पण आता त्यांच्यापासून काही लपवायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. "आबा, कागदावर उलटं होईल. तोंड काळं येईल. दात नाहीत."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तू वाईच धर तशीच."