अध्यक्षांचं नाक शिवणीत

"काकाजी, अध्यक्षाचं नाक कुठी गेलं?"

विणकर सोसायटीचा सेक्रेटरी सुरेश सोसायटीच्या पुस्तकाची नमुना प्रत दोन्ही हातांनी ताणून ग्रुप फोटो बघत होता. नाक शिवणीत गेलं होतं.

मी भंडाऱ्यात एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावतो. आठवी नापास, पण कॉम्प्युटरपुढे बसलो की स्वतःला इंजिनीअर समजतो. मोठा फोटो समोरासमोरच्या दोन पानांवर पसरवला की त्याचा मधला भाग बाइंडिंगच्या खाचेत जातो. हे मला माहीत होतं. ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवर नेहमी अध्यक्षच बसतो, हे मात्र डोक्यात आलं नाही.

खाचेत जाणारी पट्टी दोन्ही पानांवर छापायची, अशी एक युक्ती असते. ती केली. पुस्तक उघडलं तर अध्यक्षांना दोन नाकं.

"हे पाह्यलं त ते मले सोसायटीतून काहाडतीन," सुरेश म्हणाला. "उद्या पुस्तक छापाले जाऊन राहिलं. फोटो उजवीकडे सरकवा ना. शिवण दोन खुर्च्यांच्या मधात येते."

"नाही जमत."

"काहून?"

"उजवी कड कापल्या जाते."

"कापा. तिकडे कोण आहे?"

तिकडे मागच्या रांगेत माझी बायको होती, लीला. सोसायटीच्या मागावर तिनं जन्मभर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणल्या. हा फोटो निघाला आणि पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. घरी एक लग्नातला फोटो आहे, पण त्यात मीच जास्त दिसतो.

मी म्हटलं, "रेझोल्यूशन बिघडते. कलर सेपरेशन हालते. प्लेट फाटते." आठवले तेवढे शब्द फेकले.

सुरेशनं स्क्रीनवर वाकून पाहिलं. मागच्या रांगेतल्या कडेच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"काकू आहेत म्हणून सांगा ना जी. प्लेट कायले फाडता?"

मग फोटो आडवा फिरवून एकाच पानात बसवला. अध्यक्ष पूर्ण, लीलाही पूर्ण, करंगळीच्या नखाएवढी. बघायचं तर पुस्तक फिरवून धरावं लागतं.

अध्यक्षांनी चष्मा लावून पाहिलं. "मले एवढा लहान काहून केला?"

"सगळेच लहान केले साहेब," सुरेश म्हणाला. "कोनाले सोडलं नाही."

शिकलो ते एवढंच. दोन पानांवर फोटो टाकायचा असेल तर आधी मधात कोण बसलं ते बघावं, मग कडेला कोण उभं आहे ते विचारावं. कडेच्या माणसाचं प्रूफ कोणी तपासत नाही.