बांगड्याचा काटा

नाताळच्या दुपारी रत्नागिरीतल्या चर्चच्या अंगणात मुलांची आणि अपंग पाहुण्यांची पंगत बसली, की मालन माशांचे काटे काढायला हजर. ती ख्रिस्ती नव्हे. नवरा गेला, मुलगा जहाजावर, घर खायला उठायचं, म्हणून एकदा शेजारणीबरोबर आली आणि मग दरवर्षी येत राहिली. मिरकरवाडा बंदरावरून आलेला बांगडा ती असा सोडवायची, की पोरांच्या तोंडात बारीकसा काटाही जायचा नाही.

यंदा तिने आंधळ्या पास्कलबाबांचंही ताट पुढे ओढलं. म्हातारा खवळला.

"हात काढ बाये! डोळे गेलेत, बोटं नाय गेली माझी. तू जेवलीस?"

"मागाहून जेवते."

"उभ्यानेच ना? बस इथे."

मालन ओशाळून बसली. बांगड्याचा मोठा घास तोंडात घातला आणि काटा घशात रुतला. ती ठसकून खोकू लागली. काटे काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण एकटीसाठी कशाला, म्हणून नवरा गेल्यापासून तिने घरी मासा शिजवलाच नव्हता. इथेही ती मागच्या दारी डाळभातच खायची.

म्हाताऱ्याने चाचपत कोरड्या भाताचा मुटका तिच्या हातावर ठेवला. "न चावता गीळ."

भाताबरोबर काटा खाली गेला. डोळ्यांचं पाणी मात्र थांबेना. 'गेला' म्हणून सांगायला तिने तोंड उघडलं, तर हुंदकाच फुटला.

पास्कलबाबा आपल्या बांगड्यावर वाकले. "रड हवं तेवढं," ते पुटपुटले, "मला कुठे दिसतंय?"