बुरशीमास्तरांची जांभळी जात

आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांइतका घाणेरडा शौक असलेला माणूस मी सोलापुरात दुसरा पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीतून लोक लाडू बांधून नेत. हे गृहस्थ उरलेला भात नेत आणि आठ दिवसांनी त्याचं कौतुक करत. मुलं त्यांना बुरशीमास्तर म्हणत. मी चित्रकलेचा शिक्षक, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते काढून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

वर्ष संपलं तरी त्यांना मुलांची नावं येत नसत, पण लिंबावरच्या बुरशीचं कूळ आणि जात ते लॅटिनमध्ये घडाघडा सांगत. "तुम्हांला नुसती घाण दिसते," ते मला म्हणत, "नजर कमवावी लागते." तेव्हाही त्यांच्या कोटाच्या बाहीवर कसली तरी पिवळी पूड असे.

सोलापूरची हवा कोरडी, बुरशीला वाईटच. म्हणून ते विणकरांच्या घरी जात. तिथं सुताला लावायची खळ आंबलेली सापडे. राजव्वा नावाच्या तेलुगू विणकरणीच्या सुतावर त्यांना जांभळी बुरशी मिळाली. अशी जात कोणत्याच पुस्तकात नव्हती. आयुष्यभर ते एका नव्या जातीसाठी झुरले होते. हिला ते सोलापूरचं नाव देणार होते.

राजव्वा म्हणाली, "मास्तर, रंग बुरशीचा न्हाय की. सुताचा हाय. धुतलं की जातंय." मास्तर तुच्छतेनं हसले आणि बाईमाणसानं शास्त्रात पडू नये असं काहीतरी बोलले. मी मात्र घरी येऊन चित्रासाठी मिळालेला नमुना पाण्यात टाकला. पाणी जांभळं झालं. मी गप्प बसलो. हा शहाणा एकदा तोंडावर आपटलेला मला पाहायचा होता.

मास्तरांनी या जातीवर लिहिलेला निबंध पुण्याच्या एका तज्ज्ञाकडे गेला, छापायचंही ठरलं. मास्तर दर खेपेला राजव्वाचंच सूत आणून त्यावर बुरशी वाढवत. साधं पांढरं सूत घेऊन बघावं हे या विद्वानाला कधी सुचलं नाही. दोन महिन्यांनी तिच्याकडचं रंगीत सूत संपलं, म्हणून पांढरं आणलं. त्यावर आली ती शिळ्या भाकरीवर येते तीच हिरवट बुरशी.

ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी पुण्याला जाणारं पत्र माझ्यापुढे ठेवलं. अशी जात अस्तित्वात नाही, निबंध छापू नये, आणि राजव्वा नावाच्या विणकरणीनं हे आधीच सांगितलं होतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मला त्यांचा राग आला. इतका प्रामाणिकपणा मला परवडणारा नव्हता.

"तुम्हांला कधी शंका आली होती का?" त्यांनी विचारलं. "आली असेल तर तुमचंही नाव घालतो. चूक माझीच, पण खरं ज्यानं पाहिलं त्याचं नाव राहायला हवं."

मी नाही म्हणालो. त्यांनी ते खरं मानलं आणि पाकीट चिकटवलं.